अंदमान: शेवटच्या दिवशी बोट आणि विमान एकत्र ठेवू नका

तुमची पोस्ट काल रात्री वाचली आणि झोपच उडाली. सहा रात्रींचा बेत, बरोबर सत्तरीतले आईवडील, वडिलांना सावरकरांची कोठडी बघायचीच आहे. शेवटच्या दिवशी सकाळी हॅवलॉक बेटाहून बोट, दहापर्यंत पोर्ट ब्लेअर, अकराला सेल्युलर जेल आणि अडीचचं विमान. आणि एजंट म्हणतो, "रोज लोक असंच करतात, काही होत नाही." अहो, हा शब्दन् शब्द माझाच बेत आहे. सात-आठ वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत मलाही हेच सांगितलं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी एक सांगून ठेवतो. मी या धंद्यातला नाही. दोनदा गेलोय, इतकंच. वेळापत्रकं आणि नियम बदलत असतात, त्यामुळे वेळा तुम्ही स्वतः तपासा. हॉटेल कुठलं, विमान कुठून स्वस्त पडतं हे बाकीच्यांनी वर लिहिलंच आहे, त्यात पडत नाही.

आमच्या घरी अंदमानचं वेड बाबांचं. ते नाशिकचे, सावरकरांचं जन्मगाव भगूर तिथून जवळच. लहानपणापासून काळ्या पाण्याच्या गोष्टी ऐकत वाढलेला माणूस. १९११ च्या जुलैत तात्याराव, म्हणजे सावरकर, तिथे पोहोचले, त्यांचे थोरले भाऊ बाबाराव आधीपासूनच आत होते, आणि एकाच तुरुंगात असून दोघा भावांना बराच काळ भेटता आलं नाही, हे ते जेवतानासुद्धा सांगायचे. समुद्र, पोहणं, मासे यांच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. "मला फक्त त्या खोलीत पाच मिनिटं उभं राहायचंय," एवढंच मागणं. आणि मी नेमकी तीच गोष्ट शेवटच्या दिवसावर ढकलली.

पहिल्या दिवशी एकच्या सुमाराला उतरलो. एजंटचा माणूस म्हणाला, आज आराम करा, जेल परतताना आहेच. दुसऱ्या दिवशी पहाटे हॅवलॉकची बोट. हॅवलॉक, शेजारचं नील बेट, पुन्हा हॅवलॉक असे चार दिवस छान गेले. शेवटच्या दिवशी सकाळी साडेसहाला बॅगा घेऊन जेट्टीवर आलो तर वारा असा सुटला होता की आईला छत्री धरवेना. फाटकाबाहेर दीडशे-दोनशे माणसं. बोट रद्द. हवामान खराब असताना बोट सोडत नाहीत आणि सोडूही नये, त्याबद्दल माझी अजिबात तक्रार नाही. २०१६ च्या डिसेंबरात वादळी हवेमुळे हॅवलॉक आणि नीलवर शेकडो पर्यटक अडकले होते आणि त्यांना आणायला नौदलाची जहाजं पाठवावी लागली. हे मला आधीपासून माहीत होतं. तरी मी एजंटवर विश्वास ठेवला, ही माझी चूक.

तक्रार आहे ती त्यानंतरच्या वागणुकीची. त्या बोट कंपनीचं नाव घेत नाही. जेट्टीवरची खिडकी बंद. बाजारातल्या त्यांच्या ऑफिसात गेलो तर तिथला मुलगा म्हणाला, पैसे आपोआप परत येतील. मी म्हटलं, पैशाचं राहू दे, बोट हवामानामुळे रद्द झाली एवढं तिकिटावर लिहून शिक्का मारून द्या. तर म्हणे शिक्का पोर्ट ब्लेअरच्या ऑफिसात. दुसऱ्या दिवशी पोर्ट ब्लेअरच्या ऑफिसात गेलो, तर तिथल्या बाईंनी मान वर न करता सांगितलं, "जिथून बोट सुटणार होती, तिथूनच लिहून आणायला हवं होतं." म्हणजे एका ओळीच्या कागदासाठी पुन्हा समुद्र ओलांडून जायचं! विमान गेलं ते गेलंच, प्रवास विम्यावाल्यांनीही लेखी पुराव्याशिवाय दावा घेतला नाही. चार माणसांची नवी तिकिटं आयत्या वेळच्या दराने ५८ हजारांना पडली. त्या काळी तिथे इंटरनेट इतकं मंद होतं की ती तिकिटंसुद्धा पुण्याहून भावाने काढून दिली. २०२० मध्ये चेन्नईहून समुद्राखालून केबल आली, आता ती अडचण तुम्हाला येणार नाही.

पैसे जातात, परत मिळवता येतात. दुसऱ्या दिवशी हवा निवळली आणि दुपारच्या सरकारी बोटीत कशीबशी जागा मिळाली. पोर्ट ब्लेअरच्या फिनिक्स बे जेट्टीला उतरून रिक्षा थेट जेलकडे घेतली, तोवर फाटक बंद झालं होतं. नोव्हेंबरात तिथे पाचच्या आसपास सूर्य मावळतो हेही लक्षात घ्या, आपल्याकडच्या सवयीने संध्याकाळ मोठी धरू नका. बाबा रस्त्याच्या कडेला उभे राहिले. चष्मा काढून पुसला, परत घातला, बराच वेळ त्या भिंतीकडे बघत राहिले. रखवालदाराला मी विनवणी केली, पण त्याचाही नाइलाज होता. दुसऱ्या दिवशी पहाटेचं विमान, जेल उघडणार नऊला. बाबा मला एक शब्दही बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं झालं असतं. त्यानंतर त्यांच्या गुडघ्यांनी साथ सोडली आणि तो प्रवास पुन्हा झालाच नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. सेल्युलर जेल पहिलं, समुद्र नंतर. उतरल्यावर त्याच दिवशी जमत असेल तर त्याच दिवशी, नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळी, आणि मगच हॅवलॉक. त्यासाठी पोर्ट ब्लेअरला एक रात्र वाढली तरी चालेल. आणि विमानाच्या आदली रात्र पोर्ट ब्लेअरलाच. तिथली विमानं बहुतेक सकाळी ते दुपारपर्यंतच सुटतात, त्यामुळे सकाळची बोट उशिरा आली तरी खेळ संपतो. एजंट म्हणेल एक रात्र फुकट जाते. जाऊ दे. पैसे तुमचे आहेत आणि वडीलही तुमचे.

एजंट लोकांबद्दल थोडं बोलतोच. हॉटेल, गाडी, बोट सगळं एका कागदावर छान छापून देतात, पण त्या कागदाला तिकीट समजू नका. बोटीचं खरं तिकीट, त्यावर प्रत्येकाचं ओळखपत्राप्रमाणे नाव आणि वय, आधी हातात घ्या. बोट रद्द झालीच तर जेट्टीवरच्या फलकाचा तारखेसह फोटो काढा, आलेला संदेश जपा आणि बेट सोडण्याआधी लेखी मिळवा. देत नसतील तर तिथेच थांबून मागा. नंतर कोणी देत नाही.

खाजगी आणि सरकारी बोटीबद्दल तुम्ही विचारलंय. खाजगी बोट साधारण दीड तासात हॅवलॉकला पोहोचते, सरकारी बोटीला अडीच तास किंवा जास्त. खाजगी बोट बंदिस्त, वातानुकूलित, आणि लाटा असल्या की आत पिशव्या वाटत फिरतात. सरकारी बोटीत डेकवर उघड्या हवेत उभं राहता येतं. ज्यांना बोट लागते त्यांना माझ्या मते तीच बरी, पण तिचं तिकीट मिळवणं हे वेगळंच दिव्य आहे. आईंना बोट लागत असेल तर गोळी डॉक्टरांना विचारून निघण्याआधी द्या, मळमळ सुरू झाल्यावर उपयोग होत नाही. आणि रोजची औषधं चार दिवसांची जास्त घ्या. आमच्या आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या मोजून आणल्या होत्या, त्या वाढीव दिवसाने संपल्या आणि हॅवलॉकच्या दुकानात तीच गोळी मिळाली नाही. सरकारी आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी पर्यायी गोळी दिली, त्यांचे उपकार आहेत.

नावांचा गोंधळ होऊ नये म्हणून सांगतो. २०१८ च्या डिसेंबरअखेर हॅवलॉकचं स्वराज द्वीप, नीलचं शहीद द्वीप आणि रॉसचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप झालं. २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचं श्री विजयपुरम् झालं. तिकिटांवर नवी नावं दिसतील, रिक्षावाले जुनीच बोलतात.

आता बघायचं काय. हॅवलॉकला राधानगरचा किनारा चुकवू नका, आणि तिथे दुपारी तीनलाच जा. जेट्टीपासून साधारण बारा किलोमीटर. पश्चिमेकडे तोंड आहे, मागे उंच झाडांचं जंगल, पायाखाली पिठासारखी बारीक वाळू. २००४ मध्ये 'टाइम'ने याला आशियातला सर्वोत्तम किनारा म्हटलं होतं आणि मला त्यात अतिशयोक्ती वाटत नाही. अंधार पडायच्या आत जीवरक्षक शिट्ट्या मारून सगळ्यांना बाहेर काढतात. मगरींच्या सूचनांचे फलक दिसले तर ते मनावर घ्या, तिथे खाऱ्या पाण्यातल्या मगरी खरोखर आहेत.

एलिफंट बीचला प्रवाळ छान दिसतं, पण लहान बोटीतून गुडघाभर पाण्यात उतरावं लागतं. आईवडिलांना तिथे ओढत नेऊ नका. त्यांच्यासाठी नीलचा भरतपूर किनारा बरा, तो जेट्टीला लागूनच आहे आणि काचेच्या तळाच्या बोटीतून पाय न भिजवता प्रवाळ बघता येतं. नीलवरचा दगडी नैसर्गिक पूल मात्र ओहोटीलाच बघायचा, भरतीला तिथपर्यंत वाटच राहत नाही. खडक निसरडे आहेत, चप्पल पट्ट्याची हवी. ओहोटीची वेळ आधी बघून मगच त्या दिवसाचा बेत करा. बहुतेक पॅकेजमध्ये हे कोणी बघत नाही, लोक भरतीला पोहोचतात आणि "काही खास नाही" म्हणून परततात.

जेवणाची चिंता करू नका. हॅवलॉक आणि नीलवर फाळणीनंतर पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांच्या वस्त्या आहेत, म्हणून गावांची नावंही गोविंदनगर, कृष्णनगर, श्यामनगर अशी. बाजारातल्या साध्या खानावळीत डाळ-भात-भाजी गरम मिळते, मासे खात असाल तर विचारायलाच नको. नीलवर भाजीपाला भरपूर पिकतो. हिंदी सगळीकडे चालतं. थोडी रोख रक्कम मात्र जवळ ठेवा.

बाराटांग बेटाबद्दल माझं मत काहींना पटणार नाही. चुनखडीच्या गुहा आणि चिखलाचा ज्वालामुखी बघायला रस्त्याने जायचं तर पहाटे तीन-साडेतीनला निघून जिरकाटांगच्या नाक्यावर गाड्यांच्या ताफ्यात उभं राहावं लागतं, आणि तो रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. २००२ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने तो रस्ता बंद करायला सांगितलं होतं. गाडीतले लोक जंगलाकडे ज्या नजरेने बघतात ते मला सहन झालं नाही. माणसं ही काही बघायची वस्तू नव्हे. शिवाय सत्तरीच्या माणसांना तो दिवस झेपत नाही. त्याऐवजी तो दिवस रॉस बेटाला द्या. इंग्रजांच्या चर्चच्या आणि बंगल्यांच्या भिंतींना वडाच्या मुळांनी कवेत घेतलंय, आणि हरणं अगदी जवळून चरतात. तेही बघा आणि संध्याकाळ चिडिया टापूच्या किनाऱ्यावर घालवा.

शंख-शिंपले आणि प्रवाळाचे तुकडे बॅगेत टाकू नका. विमानतळावर काढून घेतात, आणि मुळात ते तिथलेच आहेत.

२०२३ च्या जानेवारीत मी परत गेलो. बाबा म्हणाले, "तू जाऊन ये आणि मला नीट सांग." यावेळी उतरल्या उतरल्या बॅगा हॉटेलात टाकून जेल गाठलं. सात इमारतींपैकी तीनच उरल्या आहेत, ६९८ कोठड्या होत्या. सावरकरांची कोठडी सगळ्यात वरच्या मजल्यावर, अगदी टोकाला. आत त्यांचा फोटो आहे, लोक चपला बाहेर काढतात. बाबांसाठी मी पावलं मोजली. लांबीला साडेपाच, रुंदीला तीन. झरोका डोक्याच्या खूप वर, तिथून आकाशाची फक्त पट्टी दिसते. दाराची कडी भिंतीतल्या कोनाड्यात इतकी दूर बसवलीय की आतून हात घातला तर बोटं पोहोचत नाहीत. मी घालून बघितला. हे सगळं फोनवर सांगितलं तेव्हा बाबा बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "कोलू बघितलास का?" तोही बघितला होता. म्हणजे तेलाचा घाणा, कैद्यांना त्याला जुंपून दिवसाला तीस पौंड तेल काढायला लावत.

तुमच्या वडिलांचे गुडघे कसे आहेत ते पोस्टमध्ये नाही. वरपर्यंत जिने चढावे लागतात, म्हणून उन्हाआधी, उघडल्या उघडल्या न्या आणि मध्ये बसू द्या. सुट्टीचा दिवस आधी विचारून घ्या. संध्याकाळचा ध्वनिप्रकाश कार्यक्रम चांगला आहे, आवारातला पिंपळ गोष्ट सांगतो, पण डासांचं मलम लावून जा आणि तिकीट आधी काढा.

बोटीची तारीख अजून बदलता येत असेल तर आजच एजंटला फोन करा. नव्या तारखा ठरल्या की इथे टाका, ओहोटीच्या वेळा बघून नीलचा दिवस कोणता ठेवायचा ते सांगतो.