कोड : लाइटच्या सिटिंगमध्ये खाडा पडला तर?

प्रश्न : मुलीच्या (वय 19) गुडघ्यांवर आणि बोटांच्या टोकांवर कोडाचे डाग आहेत. आठवड्यातून तीनदा नॅरोबँड यूव्हीबी (मशीनमधून ठरावीक अतिनील किरण देण्याचा उपचार) चालू होतं. 22 सिटिंग झाली आणि परीक्षेमुळे 12 दिवसांचा खाडा पडला. आता आधीच्याच डोसवर सुरू करायचं का? घरचे म्हणतात, बावचीचं तेल लावून उन्हात बसली तरी तेच होईल.

उत्तर : आधीचा डोस नको. नियमित प्रकाश घेतला की कातडीला तो सोसायची सवय होते, खाड्यात ती मोडते. साधारण हिशेब असा : आठवड्याच्या आत आलात तर शेवटचाच डोस, 8 ते 14 दिवसांना 25 टक्के कमी, 15 ते 21 दिवसांना निम्मा, त्यापुढे पुन्हा अगदी सुरुवातीच्या डोसपासून. शेवटचा डोस 600 मिलिज्यूल असेल तर आता 450. चूक होते ती इथे, की कार्डावरचा शेवटचा आकडा पाहून त्यात नेहमीची वाढ केली जाते. म्हणून खोलीत शिरण्याआधीच खाड्याचे दिवस सांगा. मशीनच्या नळ्या नव्या बसवल्या असतील तर तेही विचारा, कारण नव्या नळीचा प्रकाश जास्त तीव्र असतो.

डोस जमला की नाही हे डागच सांगतो. फिकट गुलाबी झाक येऊन 24 तासांत ओसरली तर ठीक. त्याहून जास्त टिकली, आग झाली, तर पुढचं सिटिंग घेण्याआधी डॉक्टरांना दाखवा. फोड आला तर थांबाच. गॉगल कधीच काढायचा नाही. कपडेही दर वेळी तेवढेच वर घ्यायचे. एरवी झाकलेली कातडीची पट्टी एके दिवशी उघडी राहिली तर तीच भाजते.

बावचीचं मात्र कृपा करून करू नका. तिच्यात सोरालेन नावाचं द्रव्य असतं, ते उन्हातल्या यूव्हीए या दुसऱ्या प्रकारच्या अतिनील किरणांनी चेततं. तेलात ते किती, ऊन किती, काहीच मोजलेलं नसतं. मोठमोठे फोड येतात, आणि कोडात जखमेच्या जागी नवा डाग उठू शकतो.

22 सिटिंगवर निकाल लावू नका, निदान 48 होऊ द्या. गुडघ्यांवर केसांच्या मुळाशी तपकिरी ठिपके दिसतात का, ते भिंगातून पाहा. रंग तिथूनच परततो. बोटांच्या टोकांना केसच नसल्याने तिथे फार कमी फरक पडतो, हे मुलीला आधीच सांगून ठेवा.