काळ्या पडद्यावरची कामं

कमांड म्हणजे टाइप करून कॉम्प्युटरला दिलेला हुकूम. कमांड इथे बोलतो तशा देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना इंग्रजी अक्षरं वापरा. विंडोजचं बटण दाबून सीएमडी टाइप केलं आणि एंटर मारलं, की काळी खिडकी उघडते.

प्रश्न : नागपूरच्या महाल भागात माझा फोटो स्टुडिओ आहे. एकेका लग्नाचे ऐंशी-नव्वद जीबी फोटो-व्हिडिओ बाहेरच्या हार्डडिस्कवर टाकावे लागतात. मधेच लाइन जाते, नाहीतर एखादी फाइल अडते, की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. काही इलाज आहे काय?

आहे, आणि तो तुमच्याच कॉम्प्युटरमध्ये पडून आहे. विंडोज व्हिस्टापासून रोबोकॉपी नावाची कमांड विंडोजसोबतच येते. फोटो डी ड्राइव्हवर ‘लग्न’ फोल्डरमध्ये असतील आणि बाहेरची डिस्क ई असेल, तर एवढंच लिहायचं :

रोबोकॉपी डी:\लग्न ई:\लग्न /ई /झेड /आर:3 /डब्ल्यू:5

ड्राइव्हच्या अक्षरानंतर उलटी तिरपी रेघ, बाकी सगळीकडे साधी. /ई मुळे आतले सगळे फोल्डर जातात, रिकामेसुद्धा. /झेड मुळे अर्धवट राहिलेली मोठी फाइल तुटली तिथून पुढे सुरू होते. लाइन आली की तीच ओळ परत चालवा. पोचलेल्या फाइलींना ती हात लावत नाही, राहिलेल्याच नेते. ओळ कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवून ठेवा.

शेवटचे दोन आकडे मात्र विसरू नका. अडलेल्या फाइलसाठी 3 वेळा प्रयत्न कर, मधे 5 सेकंद थांब, असा त्यांचा अर्थ. ते लिहिले नाहीत तर रोबोकॉपी एका फाइलसाठी 10 लाख वेळा प्रयत्न करते आणि दर वेळी 30 सेकंद थांबते. हिशोब केला तर जवळजवळ वर्ष होतं! अनेक जण ‘कमांड अडकली’ म्हणून खिडकी बंद करतात ती याचमुळे.

आता एक कळकळीची गोष्ट. कोणीतरी तुम्हाला /एमआयआर वापरायला सांगेल. त्याने दुसरी डिस्क पहिलीसारखी हुबेहूब होते, म्हणजे पहिलीवर जे नाही ते दुसरीवरून पुसलं जातं. मी एकदा घाईत दोन्ही पत्ते उलटसुलट लिहिले. भाचीच्या बारशाचे फोटो त्यात गेले, ते परत मिळाले नाहीत. तेव्हापासून माझा नियम ठरलेला आहे : आधी त्याच ओळीच्या शेवटी /एल जोडून चालवायचं. काय काय होईल याची यादी तेवढी दिसते, प्रत्यक्षात काही हलत नाही. यादीत ‘एक्स्ट्रा’ असं लिहिलेल्या फाइली म्हणजे /एमआयआर जे पुसणार ते. ती यादी वाचा, मगच /एल काढा.

प्रश्न : कळमन्यात आमची संत्र्याची अडत आहे. काटोलकडचे शेतकरी गेल्या अंबिया बहारातल्या आपल्या सगळ्या पट्ट्या (विक्रीच्या हिशोबाच्या चिठ्ठ्या) मागतात. रोजची एक अशा शेकडो एक्सेल फाइली आहेत. एकेक उघडून शोधायची काय?

नाही, पण एक अडचण आधी दूर करावी लागेल. एक्सेलची नेहमीची फाइल आतून झिप केलेली असते, म्हणून तिच्यातलं नाव बाहेरून शोधता येत नाही. फाइली सीएसव्ही, म्हणजे साध्या मजकुराच्या रूपात, सेव्ह करा. यापुढे रोज संध्याकाळी हिशोब बंद करताना ती एक प्रत काढायची सवय लावली तर जुनं काम एकदाच करावं लागेल. मग त्या फोल्डरमध्ये जाऊन :

फाइंडस्ट्र /एस /आय /एन /सी:"काटोल रोड" *.सीएसव्ही

फाइंड आणि त्याला चिकटून एस-टी-आर, असं त्याचं स्पेलिंग. /एस आतल्या फोल्डरांतही शोधतं, /आय लहान-मोठ्या अक्षरांचा भेद करत नाही, /एन ओळीचा क्रमांक देतं. /सी फार महत्त्वाचं आहे. ते न लिहिता दोन शब्द दिले, तर ‘काटोल’ किंवा ‘रोड’ यांपैकी एक जरी शब्द असलेली प्रत्येक ओळ समोर येईल. शेतकऱ्याचं नाव-आडनाव शोधताना तर त्या आडनावाचं अख्खं गाव येईल. शेवटी > यादी.टीएक्सटी जोडलं की सगळं एका फाइलीत उतरतं, प्रिंट काढून हातात देता येतं. त्या नावाची फाइल आधीच असेल तर जुना मजकूर मात्र जातो; भर घालायची असेल तर >> लिहा.

नावं देवनागरीत लिहीत असाल तर फाइंडस्ट्रवर भरवसा ठेवू नका. फाइल सीएसव्ही यूटीएफ-8 म्हणून सेव्ह करा आणि पॉवरशेल (विंडोजमधलीच कमांडची दुसरी खिडकी) उघडून सिलेक्ट-स्ट्रिंग ही कमांड वापरा.

प्रश्न : वर्क फ्रॉम होम करते, मनीषनगरला राहते. नेट सारखं रखडतं. कंपनीवाले म्हणतात राऊटर खराब, राऊटरवाला म्हणतो कंपनीची लाइन खराब. खरं कोण?

घरापासून बाहेर एकेक पाऊल टाकत तपासा. आयपीकॉन्फिग टाइप केलं की ‘डिफॉल्ट गेटवे’समोर एक आकडा दिसेल, तो तुमच्या राऊटरचा पत्ता. पिंग लिहून पुढे तो आकडा द्या. उत्तर काही मिलिसेकंदांत यायला हवं. तिथेच शेकड्यांत जात असेल तर दोष घरातच आहे, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात माझा पहिला संशय कूलरवर असतो. पत्र्याची पेटी आणि पाण्याने भरलेली टाकी, दोन्ही वायफाय अडवतात. राऊटर कूलरच्या मागे असेल तर हलवून बघा.

राऊटर ठीक निघाला तर पिंग 8.8.8.8 करा, हा बाहेरचा, गूगलचा पत्ता आहे. इथे अडलं तर लाइन कंपनीची. हे चाललं पण वेबसाइटच्या नावाने केलेलं पिंग चाललं नाही, तर डीएनएसचा, म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या यंत्रणेचा, घोळ आहे. पुढे -टी जोडलं की पिंग सतत चालू राहतं, कंट्रोल-सीने थांबतं. तक्रार करताना त्या खिडकीचा फोटो पाठवा, मग टोलवाटोलवी होत नाही. ही कमांड माइक म्यूस यांनी 1983 मध्ये लिहिली. पाणबुडीच्या सोनारचा जो आवाज, तेच तिचं नाव.

प्रश्न : लॅपटॉप चार्जर काढला की अर्ध्या तासात बंद. नवीनच घ्यावा काय?

आधी पॉवरसीएफजी /बॅटरीरिपोर्ट चालवा. एक अहवाल तयार होतो, तो कुठे ठेवला तेही खिडकीत दिसतं. त्यात ‘डिझाइन कपॅसिटी’ आणि ‘फुल चार्ज कपॅसिटी’ हे दोनच आकडे बघा. दुसरा पहिल्याच्या निम्म्याखाली असेल तर बॅटरी बदला, लॅपटॉप नको. आणि मे महिन्यात तो गाडीत सोडू नका, 45 अंशांत लिथियमची बॅटरी लवकर म्हातारी होते.

प्रश्न : एका मोठ्या कंपनीतून बोलतो म्हणून फोन आला. काळ्या खिडकीत काहीतरी टाइप करायला लावलं. लांबलचक नंबर आला आणि मी वाचायच्या आधी त्याने तोच नंबर मला वाचून दाखवला! घाबरून फोन ठेवला. कॉम्प्युटर त्याच्या ताब्यात गेला काय?

एवढ्यावरून नाही गेला, ताई. त्याने तुम्हाला असॉक ही कमांड दिली असणार. ती फक्त कोणती फाइल कशात उघडते याची यादी दाखवते. यादी इंग्रजी वर्णक्रमाने असते, म्हणून झेडने सुरू होणारी ओळ अगदी तळाजवळ, नेमकी डोळ्यांसमोर थांबते. तिच्यातला 888डीसीए60 ने सुरू होणारा नंबर जगातल्या प्रत्येक विंडोजवर सारखाच असतो, माझ्याकडेही तोच आहे. ‘हा तुमचा लायसन्स नंबर, बघा मला माहीत आहे’ असं म्हणून विश्वास मिळवायचा आणि मग स्क्रीन शेअर करणारं अ‍ॅप टाकायला लावायचं, ही त्यांची रीत. असं अ‍ॅप टाकलं असेल तर नेट बंद करा, ते काढून टाका, दुसऱ्या फोनवरून बँकेचा पासवर्ड बदला. पैसे गेले असतील तर त्याच क्षणी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका.

याच जातीचा नवा प्रकार फोनशिवाय होतो. ‘तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करा’ म्हणून वेबसाइट सांगते : विंडोज आणि आर दाबा, मग कंट्रोल-व्ही, मग एंटर. तोवर तिने क्लिपबोर्डवर (कॉपी केलेला मजकूर थांबतो तिथे) गुपचूप एक कमांड ठेवलेली असते आणि एंटर मारणारे आपण असतो. खरी तपासणी असं कधीच सांगत नाही. पान बंद करा. काय चिकटणार होतं ते बघायचं असेल तर नोटपॅड उघडून त्यात चिकटवा, तिथे तो नुसता मजकूर असतो.