शाळेसाठी गाव गोळा करणं, हे काम आहे का?

प्रश्न : ताई, मी अकोले तालुक्यातल्या एका वाडीत राहते. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय समाजशास्त्र. आमच्या जिल्हा परिषद शाळेत पहिली ते चौथीची मिळून 23 मुलं आहेत. मागच्या वर्षी एका गुरुजींची बदली झाली आणि शाळा एकशिक्षकी झाली. लोक मुलांना तालुक्याच्या इंग्रजी शाळेत घालायला लागले. तेव्हा आम्ही चार-पाच पोरींनी घरोघरी जाऊन पालकांना गोळा केलं, ग्रामसभेत ठराव घेतला, पंचायत समितीत तीन खेपा मारल्या. दुसरे गुरुजी मिळाले. ठराव मीच लिहिला, कारण नक्की काय मागायचं ते कुणाला लिहिता येईना. मला हेच काम करायचंय. बाबा म्हणतात, डी.एड. कर नाहीतर एमपीएससीचा क्लास लाव, गाव गोळा करून पोट भरत नाही. मी काय करू?

उत्तर :

तुझं पत्र वाचताना मी त्या ठरावाच्या वाक्यावर थांबले. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक लिहिलेले आहेत. म्हणजे तुम्ही पंचायत समितीत जाऊन मेहेरबानी मागितली नव्हती, हक्काचं मागितलं होतं. पण गावाला काय हवंय ते नेमक्या शब्दांत कागदावर उतरवून योग्य टेबलावर ठेवणारं माणूस वाडीत एकच निघालं. माझ्याकडे करिअर विचारायला येणाऱ्या पुष्कळ मुलांना आपल्याला काय जमतं तेच माहीत नसतं. तुला जमतं, आणि ते करून दाखवून तू विचारते आहेस.

एक प्रसंग सांगते. काही वर्षांपूर्वी एका गावात शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेला मी मागे बसले होते. इतिवृत्त आधीच लिहून तयार होतं आणि रजिस्टर सह्यांसाठी फिरत होतं. समितीच्या अध्यक्षा म्हणजे दोन मुलांची आई, शेतातून तशीच आलेली, हाताला अजून माती. त्यांनी पदराला बोटं पुसली आणि जपून, एकेक अक्षर जोडत सही केली. मी हळूच विचारलं, कशावर सही केलीत? म्हणाल्या, "खिचडीचं असंल."

कायदा सांगतो की या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत, निम्म्या बायका हव्यात. शाळेचा विकास आराखडा तिनेच करायचा, खर्चावर लक्षही तिनेच ठेवायचं. एवढा अधिकार त्या बाईंच्या हातात होता आणि त्यांना ते कुणी सांगितलंच नव्हतं.

पुढच्या महिन्यात त्याच शाळेत तुझ्याएवढी एक कार्यकर्ती आली. तिने भाषण केलं नाही. दुसरीच्या पुस्तकातला एक उतारा मोठ्या अक्षरात लिहून त्याच्या प्रती आयांना वाटल्या आणि म्हणाली, आज रात्री पोराला हे वाचायला लावा, उद्या या. दुसऱ्या दिवशी अध्यक्षाबाई सगळ्यांत आधी आल्या. "माझा चौथीला हाय. जोडाक्षर आलं की गप बसतो." गुरुजींना ते लागलं, चेहरा उतरला. त्या मुलीने लगेच त्यांच्याकडे वळून विचारलं, "सर, तुम्हाला काय कमी पडतंय?" मग गुरुजी बोलायला लागले. चार वर्ग, एक माणूस, वरून ऑनलाइन माहिती भरायची. त्या दिवशी पहिल्यांदा पालक आणि शिक्षक एका बाजूला बसले. तू विचारतेस ते काम हेच. त्याला धीर लागतो, वाचन कसं शिकवतात याची समज लागते, आणि आपण पुढे न येता दुसऱ्याला बोलतं करायची सवय लागते.

एक सावधगिरी मात्र आत्ताच मनात घे. आपल्याकडे लोकसहभाग म्हटलं की वर्गणी आठवते. रंग द्या, टीव्ही द्या, कंपाउंड बांधून द्या. गावाने जरूर द्यावं. पण शिक्षक नेमायची जबाबदारी सरकारची आहे, ती गावाने पैसे गोळा करून उचलली तर पुढच्या वर्षी वरून कुणी विचारायलाही येणार नाही. तुम्ही आधी ठराव केलात, हे बरोबर केलंत.

गाव आणि शिक्षक एकत्र आले की काय होतं, त्यासाठी फार लांब जायला नको. साताऱ्याच्या कुमठे बीटमध्ये, म्हणजे आसपासच्या शाळांच्या एका गटात, विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांनी शिक्षकांना बरोबर घेऊन साध्या जिल्हा परिषद शाळांत ज्ञानरचनावादी पद्धत, म्हणजे मुलांनी स्वतः करून बघत शिकायची पद्धत, रुजवली. राज्यभरातून शिक्षक ती पाहायला गेले. वर्गात जमिनीवर आखलेली चित्रं-अंक गावोगाव दिसतात, त्यातली बरीचशी तिथून पाहून आलेली. पुणे जिल्ह्यात खेड तालुक्यातली जालिंदरनगरची जिल्हा परिषद शाळा पटाअभावी बंद पडायच्या बेतात होती. गाव पाठीशी उभं राहिलं आणि 2025 मध्ये जगभरातल्या लोकांच्या मतांवर मिळणारा पुरस्कार तिला मिळाला. दोन्हीकडे आतली माणसं हलली.

आता तुझ्या रस्त्यांबद्दल. शिक्षिका व्हायचं असेल तर एक गोष्ट नीट समजून घे, कारण इथे मुलं फार फसतात. पदवीनंतर सगळे सरसकट बी.एड.कडे धावतात. ऑगस्ट 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की पहिली ते पाचवीसाठी बी.एड. चालणार नाही, डी.एल.एड.च हवं. हेच ते बाबांचं डी.एड., दोन वर्षांचं. तुला वाडीवरच्या लहान मुलांत राहायचं असेल तर बाबा बरोबर सांगताहेत. त्यानंतर टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, पहिला पेपर, मग टेट, म्हणजे भरतीसाठीची अभियोग्यता चाचणी, मग पवित्र पोर्टल, म्हणजे शिक्षक भरतीचं सरकारी संकेतस्थळ. भरती कधी निघेल याचा भरवसा नसतो, हे मी तुझ्यापासून लपवणार नाही. पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून महिना 16,000 रुपये मानधन, त्यानंतर नियमित वेतनश्रेणी.

दुसरा रस्ता संस्थांचा. 'प्रथम' ही संस्था 1995 पासून हे काम करते आहे. मघाशी सांगितलेली वाचनाची साधी चाचणी देशभर पोचली ती मुलांना किती वाचता येतं ते मोजणाऱ्या त्यांच्या 'असर' अहवालामुळे. पालघर जिल्ह्यात वाड्याजवळ सोनाळ्याला 'क्वेस्ट' ही संस्था आहे. आदिवासी भागातल्या मुलांच्या भाषा-गणितावर त्यांनी जेवढं बारकाईने काम केलंय तेवढं मी फार कमी ठिकाणी पाहिलं. तुझ्या तालुक्यातली परिस्थिती बघता मी तुला आधी तिथे जाऊन यायला सांगेन. टीच फॉर इंडिया आणि गांधी फेलोशिप या मानधन घेऊन शाळांत काम करायच्या फेलोशिप दोन-दोन वर्षांच्या आहेत, पण त्यात गाव सोडावं लागू शकतं. संस्थेतला पगार बहुतेकदा सरकारी नोकरीपेक्षा कमी असतो आणि प्रकल्प संपला की काम संपण्याची भीती असते. हे बाबांना खरंखरं सांग. दोन वर्षं काम केल्यावर टाटा सामाजिक विज्ञान संस्था किंवा अझीम प्रेमजी विद्यापीठातून शिक्षणात एम.ए. करता येतं. अझीम प्रेमजीमध्ये घरची परिस्थिती पाहून शिष्यवृत्ती मिळते, त्यामुळे फीचा आकडा बघून आधीच माघार घेऊ नकोस.

आणि एमपीएससी. तुझं स्वप्न आणि बाबांचा हट्ट यात तुला वाटतं तेवढं अंतर नाही. एमपीएससीच्या राज्यसेवा परीक्षेतून शिक्षण सेवा गट ब मध्ये, म्हणजे शिक्षण खात्यातल्या अधिकारीपदावर, जाता येतं. ज्या टेबलावर तू तीन खेपा घातल्यास, त्या टेबलापलीकडे ठराव वाचता येणारं, वाडीवर जाऊन आलेलं माणूस बसलं तर किती गावांच्या खेपा वाचतील! हा अभ्यास मोठा आहे आणि निकाल अनिश्चित, म्हणून दोनच प्रयत्न ठरवून कर आणि तोवर दुसरं दार बंद करू नकोस.

बाबांना माझा नमस्कार सांग आणि एवढं वाचून दाखव : दादा, तुमची काळजी रास्त आहे. मुलीने स्वतःच्या पायावर उभं राहायलाच हवं. फक्त "पोट भरत नाही" असं म्हणताना रयत शिक्षण संस्था आठवा. 1919 साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी कऱ्हाड तालुक्यातल्या काले गावी ती सुरू केली आणि साध्या शेतकऱ्यांच्या आधारावर वाढवली. आज हजारो शिक्षकांचे संसार त्या कामावर चालतात.

तुझी परीक्षा झाल्यावर निकाल लागेपर्यंतचे महिने हातात आहेत. तेवढ्यात तीन गोष्टी कर. दुसरीच्या पुस्तकातला उतारा घेऊन 23ही मुलांच्या घरी जा, कोण अक्षर वाचतं, कोण शब्द, कोण सलग उतारा, ते वहीत लिही. ती वही आधी दोन्ही गुरुजींना दाखव, सभेत एकदम काढू नकोस, नाहीतर जोडलेली माणसं तुटतील. आणि समितीतल्या आयांना शाळेचा आराखडा वाचून समजावून दे. हे करताना कंटाळा आला, चिडचिड झाली, तर तसंच लिहून कळव. मग आपण डी.एल.एड.चा फॉर्म भरायचा की क्वेस्टला पत्र टाकायचं, ते ठरवू. पत्रासोबत वहीतलं पहिलं पान पाठव, मुलांची नावं झाकून.