पहिल्यांदा चारोळीला निघालास, म्हणून

हिरवी चारं, म्हणजे चारोळीच्या झाडाची कच्ची फळं, तोडू नकोस, हे आधी. एप्रिल-मे मध्ये फळं काळी-जांभळी होतात, तोवर थांब. कोवळ्या फळाच्या बीतला दाणा बारीक राहतो, वाळला की वजन उतरतं आणि व्यापारी भाव पाडतो. घाई का होते ते मला माहीत आहे: आपण थांबलो तर दुसरा कोणी घेऊन जाईल. याला एकट्याकडे इलाज नाही. तोडणीची तारीख ग्रामसभेतच ठरवून घ्या. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपज (लाकूड सोडून चारोळी, मोह असं जंगलातलं उत्पन्न) गोळा करायचा आणि विकायचा हक्क दिला, तसा जंगल राखायचाही. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला असा सामूहिक वनहक्क, म्हणजे सगळ्या गावाचा मिळून हक्क, २००९ मध्येच मिळाला.

फांदी मात्र कधीच छाटू नको. पुढच्या वर्षीचा बहार त्याच फांद्यांवर यायचा असतो. हात पोचेल तेवढंच घे, शेंड्याची फळं पाखरांना आणि अस्वलाला राहू दे. बी लांब नेऊन टाकायचं काम तेच करतात.

खरं नुकसान मात्र तोडणीपेक्षा आगीने होतं, असं माझं मत. मोह वेचायला सोपं जावं म्हणून लोक पाचोळा पेटवतात आणि त्यात चाराची रोपं जळतात. म्हातारी झाडं उभी दिसतात, पण खाली पोरगं एक नाही! रोप दिसलं तर भोवतालचा पाचोळा बाजूला ओढ.

आणि बिया तशाच विकू नकोस. फळं भिजवून, चोळून, बिया वाळवून जात्यावर हलकेच फोड. दाण्याला भाव बराच जास्त मिळतो.