चक्करेची गोळी, थरथर आणि डोपामिन

मेंदूतील सेरोटोनिन, डोपामिन अशा रासायनिक संदेशवाहकांबद्दल तेच तेच गैरसमज घेऊन पत्रे येत राहतात, म्हणून त्यांतील काहींची उत्तरे येथे देत आहे.

प्रश्न : मुलाला नैराश्य आहे. एका पॅकेजमध्ये रक्तातील सेरोटोनिन तपासतात. करावे का?

उत्तर : नको. शरीरातील सुमारे ९० टक्के सेरोटोनिन आतड्यात तयार होते आणि रक्तातले मेंदूत शिरत नाही, त्यामुळे त्या आकड्यावरून नैराश्याचे निदान होत नाही. अशी पॅकेजे विकणाऱ्यांना हे ठाऊक असते. मुलाला मनोविकारतज्ज्ञांकडे न्या; थायरॉइड किंवा बी-१२ तपासायचे का, ते ठरवतील.

प्रश्न : केळ्यात सेरोटोनिन असते, म्हणून रोज खावे का?

उत्तर : आवडत असेल तर खावे, ते सेरोटोनिन मेंदूपर्यंत पोचत नाही.

प्रश्न : आई ६८ वर्षांची आहे. चक्करेसाठी दोन वर्षे एक गोळी घेते. आता हात थरथरतात, पाय घासत चालते. सगळे म्हणतात, वय झाले.

उत्तर : नुसत्या वयामुळे असे होत नाही. गोळीचे नाव आपण कळवलेले नाही. पण चक्करेसाठी आपल्याकडे सर्रास दिली जाणारी प्रोक्लोरपेराझिन आणि सिनारिझिन ही औषधे डोपामिनच्या आड येतात. एका चेतापेशीतून सुटलेले डोपामिन मधली सूक्ष्म फट ओलांडून पुढच्या पेशीवरील ठरलेल्या जागी चिकटते, तेव्हा हालचालीचा निरोप पुढे जातो. ही औषधे ती जागाच अडवून बसतात. कंपवातात (पार्किन्सनच्या आजारात) डोपामिन तयार करणाऱ्या पेशीच नष्ट होत जातात, पण वरून दोन्ही प्रकार इतके सारखे दिसतात की गोळीचा हा परिणाम ओळखला गेला नाही, तर तिच्यावर कंपवाताचे दुसरे औषध चढवले जाते. रुग्णाच्या पिशवीतून पाच दिवसांच्या औषधाची जुनी चिठ्ठी निघते आणि गोळी मात्र दोन वर्षे दुकानातून तशीच आणलेली असते, हे मी वारंवार पाहतो आणि मला त्याचा मनस्वी त्रास होतो. गोळी थांबवल्यावर बहुतेकांना काही आठवड्यांत किंवा महिन्यांत उतार पडतो. काहींच्या बाबतीत मुळातला कंपवातच तिच्यामुळे लवकर उघड झालेला असतो. म्हणून याच आठवड्यात सगळ्या गोळ्यांची पाकिटे घेऊन मेंदूविकारतज्ज्ञांकडे जा.

प्रश्न : वडिलांना कंपवातासाठी लेव्होडोपा (मेंदूत जाऊन ज्याचे डोपामिन होते ते औषध) चालू आहे. त्याऐवजी खाजकुयलीचे चूर्ण द्यावे का?

उत्तर : खाजकुयलीच्या बियांत लेव्होडोपा खरोखरच असते आणि धोका त्यातच आहे, कारण चमचाभर चूर्णात ते किती आहे हे सांगता येत नाही. गोळीच्या जोडीला चूर्ण घेतल्यास भास होऊ शकतात, रक्तदाब उतरू शकतो. आणि गोळी एकाएकी बंद केल्यास तीव्र ताप येऊन अंग ताठरण्याची जिवावर बेतणारी अवस्था ओढवू शकते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक मात्राही बदलू नका.