मुलगा आठ वर्षांचा झाला तरी रात्री अंथरूण ओलं करतो. कारण काय असेल?

आळस किंवा मुद्दाम केलेली खोडी, हा विचार आधी डोक्यातून काढून टाका. सात वर्षांच्या शंभर मुलांमध्ये पाच ते दहा जणांना हा त्रास असतो, मुलींपेक्षा मुलग्यांना जास्त. आई किंवा वडिलांना लहानपणी हेच होत होतं का, ते आजीला विचारा. बहुतेक वेळा उत्तर तिथेच सापडतं.

रात्री व्हॅसोप्रेसिन हे हार्मोन वाढून लघवी कमी तयार व्हायला हवी. काही मुलांमध्ये ते पुरेसं वाढत नाही. त्यात मूत्राशय लवकर भरतं आणि भरल्याचा इशारा मिळूनही झोप मोडत नाही.

हमखास दुर्लक्षित राहणारं कारण म्हणजे बद्धकोष्ठता. साचलेला मळ मूत्राशयावर दाबतो. मुलगा रोज शौचाला जातो म्हणून पोट साफ असेलच असं नाही. खडा होतो का, कुंथावं लागतं का, ते बघा. घोरत असेल, तोंडाने श्वास घेत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा.

सहा महिने किंवा जास्त कोरडा राहून पुन्हा सुरू झालं असेल तर मात्र तपासणी हवीच. लघवीचा संसर्ग, मधुमेह किंवा शाळेतला, घरातला ताण यामागे असू शकतो. खूप तहान, वजन घटणं, लघवीला जळजळ असेल तर थांबू नका.

पाणी दिवसभर भरपूर, झोपण्याआधी कमी. ओल लागताच वाजणारा अलार्म चांगला उपयोगी पडतो, पण दोन-तीन महिने चिकाटी लागते. आणि चादर बदलताना पाहुण्यांसमोर विषय काढू नका.