चॅप्लिगिन वायू नेमका कुठे अडतो?

प्रश्न : कृष्णद्रव्य (न दिसणारं, पण गुरुत्वाने जाणवणारं द्रव्य) आणि कृष्णऊर्जा (विश्वाचं प्रसरण वेगवान करणारी ऊर्जा) ही ‘चॅप्लिगिन वायू’ या एकाच द्रायूची (वाहणाऱ्या पदार्थाची) दोन रूपं असू शकतात, असं वाचलं. हे साध्या कॅल्क्युलेटरवर तपासता येईल का? आणि ही कल्पना मागे का पडली?

उत्तर : जरूर तपासता येईल. रशियन शास्त्रज्ञ सर्गेई चॅप्लिगिन यांच्या वायुगतिकीतल्या कामातलं सूत्र २००१ साली कामेन्श्चिक, मोशेला आणि पास्कियर यांनी विश्वाला लावलं : दाब = −क ÷ घनता. दाब ऋण, आणि घनता घटेल तसा अधिकच ऋण. प्रसरणाच्या समीकरणात हे घातलं की मिळतं : घनतेचा वर्ग = क + ख ÷ (विश्वाच्या आकाराचा सहावा घात). क आणि ख हे न बदलणारे आकडे.

आजचा आकार १, आजची घनता १, क = ०.७, ख = ०.३ घ्या. आकार ०.१ असताना घनता ५४८ येते आणि दाब तिच्यापुढे नगण्य, म्हणजे वायू दाब नसलेल्या कृष्णद्रव्यासारखा वागतो. आकार १० केला की घनता ०.८३७ वर थबकते आणि दाब जवळपास −०.८३७ होतो. ही झाली कृष्णऊर्जा. एका सूत्रातून दोन्ही निघतात, म्हणून कल्पना खरोखर देखणी आहे.

अडचण ध्वनीच्या वेगाची, म्हणजे या वायूत दाबाच्या लहरी ज्या वेगाने पसरतात त्याची. इथे अनेकांचं चुकतं : दाब ऋण म्हणून वेगाचा वर्गही ऋण धरतात. घनतेनुसार दाब किती बदलतो, ते पाहायचं असतं. तो वर्ग = क ÷ घनतेचा वर्ग, म्हणजे धनच (प्रकाशवेग १ धरून). आकार ०.५ असताना सरासरी घनतेला हा वेग प्रकाशाच्या १९ टक्के, सेकंदाला सुमारे ५६,००० किलोमीटर! दाट झालेल्या जागी दाब कमी ऋण होतो, वायू बाहेर ढकलला जातो, गुरुत्व हरतं. दीर्घिकांची बीजं वाढण्याऐवजी नुसती हेलकावत राहतात. दीर्घिकांच्या वितरणात असे हेलकावे दिसत नाहीत.

सुटकेसाठी २००२ साली बेंतो, बेर्तोलामी आणि सेन यांनी भाजकातल्या घनतेला १ पेक्षा लहान घात देऊन पाहिला. पण २००४ साली सँडविक, टेगमार्क, झाल्दारियागा आणि वागा यांनी दाखवलं, की तो घात ०.००००१ हून मोठा चालत नाही. घात शून्य केला तर दाब कायमचा −क राहतो, आणि हाती येतं ते आइन्स्टाइनच्या वैश्विक स्थिरांकाचं (अवकाशाच्या कधीच न बदलणाऱ्या ऊर्जेचं) नेहमीचंच प्रारूप.